त्वचेच्या कॅन्सरच्या पेशींवर नव्या संयुगांची चाचणी: तिचा अर्थ काय आणि रुग्णाने काय करावे

"नव्या संयुगाने कॅन्सरच्या पेशी मारल्या" अशा मथळ्याची बातमी वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर अधूनमधून येते. घरात कोणाला त्वचेचा कॅन्सर निघालेला असेल तर ती बातमी लगेच डॉक्टरांपुढे येते आणि दोन प्रश्न विचारले जातात: हे औषध आम्हाला मिळेल का? आणि ते येईपर्यंत ऑपरेशन थांबवावे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा "नाही" असते. दुसऱ्याचे उत्तर नेहमीच "नाही" असते. असे का, ते या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

• पेशींवरची चाचणी ही औषध शोधण्याची पहिली पायरी आहे. तो उपचार नव्हे.
• पेशींवर चांगली ठरलेली बहुतेक संयुगे माणसापर्यंत पोहोचतच नाहीत.
• त्वचेचा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेक वेळा ऑपरेशननेच पूर्ण बरा होतो. थांबल्यास ही संधी जाऊ शकते.
• आपल्याकडे मेलॅनोमा बऱ्याचदा तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो. तिथला काळा डाग किंवा न भरणारी जखम लवकर दाखवा.

त्वचेचे कॅन्सर कोणते?

मुख्य प्रकार तीन आहेत.

बेसल सेल कार्सिनोमा: बहुधा चेहऱ्यावर होतो. हळू वाढतो आणि शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पण दुर्लक्ष केल्यास नाक, पापणी, कान पोखरतो. भारतीय त्वचेवर तो अनेकदा काळपट दिसतो, म्हणून तीळ समजला जातो.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा: उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर, तसेच भाजल्याच्या जुन्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेत होऊ शकतो. तो गाठींमध्ये पसरू शकतो.

मेलॅनोमा: त्वचेला रंग देणाऱ्या पेशींपासून होतो. तिघांत हा सर्वांत कमी आढळतो, पण सर्वांत धोकादायक आहे, कारण तो लवकर रक्तात आणि गाठींत पसरतो.

भारतात त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकसंख्येच्या देशांपेक्षा खूपच कमी आढळतो. त्यामुळेच तो लक्षात येत नाही. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या भागात शेतात अनवाणी किंवा साध्या चपलेवर काम करणाऱ्यांच्या तळपायाला भेगा, काटे, कुरूप हे नेहमीचेच. त्यात एखादा काळा डाग वाढत असेल तर तोही "कुरूपच असेल" म्हणून महिनोन्‌महिने तसाच राहतो.

संयुग म्हणजे काय आणि ते कुठे बनते?

संयुग म्हणजे ठरावीक रचनेचा रासायनिक पदार्थ. निसर्गात तयार होणारा तो नैसर्गिक, प्रयोगशाळेत जोडून बनवलेला तो कृत्रिम. "कृत्रिम" म्हणजे वाईट असे नाही. आज कॅन्सरवर वापरली जाणारी बरीच औषधे कृत्रिमच आहेत.

विदर्भातल्या वाचकांना जवळचे उदाहरण पळसाचे आहे. पळसाच्या केशरी फुलांत ब्युटीन नावाचा पदार्थ असतो. पळसाच्या शास्त्रीय नावावरूनच, ब्युटिया मोनोस्पर्मावरून, त्याला हे नाव मिळाले. तो चाल्कोन या गटात मोडतो. ज्येष्ठमधातही याच गटातला एक पदार्थ आहे. चाल्कोन प्रयोगशाळेत बनवणे तुलनेने सोपे असते: दोन साधी रसायने अल्कलीच्या मदतीने जोडली की ते तयार होते. मग त्यावर कुठे क्लोरीन, कुठे ब्रोमीन, कुठे आणखी एखादा गट बसवून एकाच सांगाड्याची दहा-वीस भावंडे बनवता येतात. त्यांतले कोणते जास्त परिणामकारक ते पाहता येते.

वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. या पट्ट्यातील रसायनशास्त्र विभागांत चाल्कोन आणि त्यांपासून पुढे बनणारी पायराझोलसारखी संयुगे तयार करण्याची जुनी परंपरा आहे. पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी वाढवायची सोय सहसा नसते. म्हणून संयुगांचे नमुने अशी सोय असलेल्या संस्थेकडे पाठवले जातात. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. तिथे बाहेरच्या संशोधकांची संयुगे कॅन्सरच्या पेशींवर तपासून देण्याची सुविधा उभी केली गेली. अमेरिकेची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट १९९० पासून जगभरातून आलेली संयुगे सुमारे ६० प्रकारच्या मानवी कॅन्सर पेशींवर तपासत आली आहे. त्यात मेलॅनोमाच्या पेशीही असतात. (नागपूरजवळ जामठा येथील नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट हे रुग्णालय वेगळे. नावसाधर्म्यामुळे गोंधळ होतो.)

पेशींवर चाचणी कशी होते?

वापरल्या जाणाऱ्या पेशी तुमच्या रुग्णाच्या नसतात. अनेक वर्षांपूर्वी एखाद्या रुग्णाच्या गाठीतून घेतलेल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढत राहिलेल्या पेशी असतात. अशा पेशींच्या वंशाला "सेल लाइन" म्हणतात. ए-३७५ ही मानवी मेलॅनोमाची, ए-४३१ ही स्क्वॅमस प्रकारची, तर बी-१६ ही उंदराच्या मेलॅनोमाची सेल लाइन आहे. आपल्या देशात अशा पेशींचे राष्ट्रीय भांडार पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये आहे.

पुढची पद्धत साधारण अशी:

१. छोटे छोटे ९६ खळगे असलेल्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पेशी आणि त्यांचे पोषक द्रव भरतात.
२. प्रत्येक रांगेत संयुगाचे वेगवेगळे प्रमाण घालतात. एका रांगेत काहीच घालत नाहीत आणि एका रांगेत आधीच माहीत असलेले औषध घालतात.
३. प्लेट शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला, साधारण दोन-तीन दिवस ठेवतात.
४. नंतर रंग घालून किती पेशी उरल्या ते मोजतात. एमटीटी नावाच्या चाचणीत पिवळा पदार्थ जिवंत पेशींमुळे जांभळा होतो. जांभळा रंग जितका कमी, तितक्या जिवंत पेशी कमी.

यातून निघणारा आकडा म्हणजे आयसी-५०: पेशींची संख्या किंवा वाढ निम्म्यावर आणण्यासाठी लागणारे संयुगाचे प्रमाण. हा आकडा जितका लहान, तितके संयुग जास्त तीव्र.

बातमीतला आकडा कसा वाचावा?

समजा, बातमीत लिहिले आहे की एका संयुगाचा आयसी-५० हा १० मायक्रोमोलार आहे. रेणूभार ३०० धरला तर हे एका लिटरमध्ये ३ मिलिग्रॅम झाले. ऐकायला हे प्रमाण थोडे वाटते. पण तेवढे प्रमाण रक्तात आणि गाठीच्या आतपर्यंत सतत टिकवणे अनेक संयुगांना जमत नाही. प्लेटमध्ये यकृत नसते, मूत्रपिंडे नसतात, पचनसंस्था नसते. शरीरात हे सगळे मिळून संयुग मोडतात आणि बाहेर टाकतात.

म्हणून चार गोष्टी पाहाव्यात.

निरोगी पेशींचे काय झाले? फिनाइलही प्लेटमधल्या कॅन्सरच्या पेशी मारेल. पण ते निरोगी पेशीही मारते. म्हणून चांगल्या अभ्यासात त्वचेच्या साध्या पेशींवरही चाचणी केलेली असते. यासाठी हॅकॅट नावाची सेल लाइन बऱ्याचदा वापरतात. कॅन्सरच्या पेशींना १० आणि साध्या पेशींना १२ मायक्रोमोलार पुरत असेल, तर ते संयुग विषासारखेच वागते आहे. साध्या पेशींना १०० लागत असेल, तर पुढे पाहण्यासारखे काही आहे.

तुलना कशाशी केली? जुन्या औषधाच्या शेजारी ठेवूनच नव्या संयुगाची किंमत कळते.

कोणत्या पेशी वापरल्या? उंदराच्या पेशींवरचा निकाल माणसाच्या पेशींना लागू होईलच असे नाही. शिवाय सेल लाइनची ओळखही कधी चुकते. एमडीए-एमबी-४३५ नावाच्या पेशी वर्षानुवर्षे स्तनाच्या कॅन्सरच्या समजून वापरल्या गेल्या. नंतर जनुकीय तपासणीत त्या मेलॅनोमाच्या निघाल्या.

दुसऱ्या पद्धतीने खात्री केली का? चाल्कोनसारखी काही संयुगे स्वतःच पिवळी असतात, आणि काही पदार्थ जिवंत पेशी नसतानाही एमटीटीचा रंग बदलतात. त्यामुळे एकाच रंगचाचणीवर भरवसा ठेवता येत नाही.

पेशींनंतर काय?

पेशींवर चांगले ठरलेले संयुग प्राण्यांवर तपासतात: ते किती शोषले जाते, कुठे जाते, यकृत-मूत्रपिंड-हृदयावर काय परिणाम होतो. त्यानंतर परवानगी घेऊन माणसांवर तीन टप्प्यांत चाचण्या होतात. पहिल्या टप्प्यात सुरक्षित मात्रा शोधतात, दुसऱ्यात गाठ लहान होते का ते पाहतात, तिसऱ्यात प्रचलित उपचाराशी तुलना करतात. कॅन्सरची जी औषधे माणसांवरच्या पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचतात, त्यांतलीही साधारण वीसातील एकच शेवटी मान्यता मिळवते. पेशींच्या पायरीवर असलेल्या संयुगांचा हिशेब तर त्याहून कितीतरी कमी.

एक संयुग औषध झाले, त्याची गोष्ट

म्हणजे हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे का? नाही. व्हेमुराफेनिब हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

२००२ मध्ये संशोधकांना आढळले की अनेक मेलॅनोमांमध्ये बीआरएएफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल असतो. या बदलामुळे पेशीला "वाढ" असा संदेश सतत मिळत राहतो. मग हा बिघडलेला भागच बंद करील असे संयुग शोधायला सुरुवात झाली. हजारो छोट्या संयुगांतून निवड करत आणि त्यांची रचना सुधारत व्हेमुराफेनिब तयार झाले. हा बदल असलेल्या मेलॅनोमा पेशींवर ते प्रभावी ठरले.

पण माणसांना दिल्यावर सुरुवातीचे स्वरूप पोटातून पुरेसे शोषलेच जात नव्हते. पेशी मारणारे संयुग रक्तात पोहोचत नव्हते. औषध नव्या स्वरूपात बनवावे लागले. त्यानंतर २०१० मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत, बदललेले जनुक असलेल्या ३२ रुग्णांपैकी २६ जणांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या. पुढे ६७५ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत त्याची तुलना डकार्बाझिन या जुन्या औषधाशी झाली. गाठी लहान होण्याचे प्रमाण नव्या औषधाने ४८ टक्के, जुन्याने ५ टक्के होते. सहा महिन्यांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८४ विरुद्ध ६४ टक्के होते. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

तरीही दोन अडचणी उरल्या. बहुतेक रुग्णांत काही महिन्यांनी गाठ पुन्हा वाढू लागली. आणि या औषधानेच काही रुग्णांना त्वचेचा दुसरा, स्क्वॅमस प्रकारचा कॅन्सर होऊ लागला. प्लेटमधल्या पेशींनी यातले काहीही आधी सांगितले नव्हते. पुढे दोन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि परिणाम सुधारले.

भारतीय रुग्णासाठी यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. पाश्चात्त्य देशांतल्या सुमारे निम्म्या मेलॅनोमांत बीआरएएफचा हा बदल असतो. तळपाय, तळहात आणि नखाखालच्या मेलॅनोमात मात्र तो बराच कमी आढळतो. आणि प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ए-३७५ पेशींत हा बदल आहे. म्हणजे ए-३७५ वर चाललेले संयुग रिसोडच्या शेतकऱ्याच्या तळपायातल्या मेलॅनोमावर चालेलच असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच पसरलेल्या मेलॅनोमात औषध ठरवण्याआधी गाठीची जनुकीय तपासणी करतात. बीआरएएफ नसेल तर इतर बदल शोधतात, आणि रोगप्रतिकारशक्तीला जागे करणारी इम्युनोथेरपी, उदाहरणार्थ निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब, हा पर्यायही असतो.

आज उपलब्ध असलेले उपचार

• ऑपरेशन: तिन्ही प्रकारांत मुख्य उपचार. गाठ आणि भोवतालची थोडी निरोगी त्वचा काढतात. मेलॅनोमा किती खोल आहे त्यावरून जवळच्या गाठीची तपासणी ठरते.
• मलम: अगदी वरवरच्या बेसल सेल कार्सिनोमात निवडक रुग्णांना फ्लुरोयुरॅसिल किंवा इमिक्विमोडचे मलम देतात. हे फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली.
• रेडिएशन: ऑपरेशन शक्य नसेल तेव्हा किंवा ऑपरेशननंतर गरजेनुसार.
• गोळ्या आणि इम्युनोथेरपी: पसरलेल्या किंवा परत येण्याचा धोका जास्त असलेल्या आजारात.

वाशिम जिल्ह्यातील रुग्णाने कुठे जावे?

पहिली पायरी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा वाशिमचे जिल्हा रुग्णालय. त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जन संशयित भागाचा तुकडा, म्हणजे बायोप्सी, घेऊन तपासणीला पाठवतात. कॅन्सर निघाल्यास पुढील उपचारांसाठी अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट किंवा मुंबईचे टाटा मेमोरियल येथे जाता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात "आरोग्यमित्र" असतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटा. कोणता उपचार योजनेत बसतो ते तो सांगेल.

बायोप्सीचा अहवाल आणि जमल्यास तपासणीचा मूळ ब्लॉक जपून ठेवा. मोठ्या रुग्णालयात तो पुन्हा पाहिला जातो. जनुकीय तपासणीही त्यावर करता येते, त्यामुळे पुन्हा तुकडा काढण्याची वेळ टळू शकते.

नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा असेल तर

प्रचलित उपचार संपले असतील किंवा लागू पडत नसतील, तर माणसांवरील चाचणी हा योग्य मार्ग असू शकतो. अशी प्रत्येक चाचणी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत रुग्ण घेण्याआधी नोंदवणे २००९ पासून बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. सही करण्याआधी हे विचारा:

• सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? नैतिक समितीची मंजुरी आहे का?
• ही चाचणी कोणत्या टप्प्यातली आहे?
• यात सहभागी न झाल्यास मला कोणता उपचार मिळेल?
• मराठीतले संमतीपत्र घरी नेऊन वाचता येईल का?
• मधेच बाहेर पडायचे असेल तर?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नेहमी "केव्हाही बाहेर पडता येईल आणि तुमचे इतर उपचार थांबणार नाहीत" असेच असले पाहिजे. चाचणीतल्या औषधासाठी कोणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो का?
नाही. योग्य पद्धतीने केलेल्या बायोप्सीमुळे त्वचेचा कॅन्सर पसरत नाही. बायोप्सीशिवाय नेमका प्रकार कळत नाही आणि उपचार ठरत नाही.

महाविद्यालयात बनलेले संयुग ओळखीने मिळाले तर घ्यावे का?
अजिबात नाही. त्याची शुद्धता, मात्रा आणि शरीरावरील परिणाम माहीत नसतात. ते बनवणारे संशोधकही ते रुग्णाला देणार नाहीत. इंटरनेटवर "संशोधनासाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींनाही हेच लागू.

मग पळसाच्या फुलांचा काढा प्यायला काय हरकत?
फुलात पदार्थ असणे आणि तो काढ्यातून गाठीपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचणे यात मोठे अंतर आहे. काढ्याने त्वचेचा कॅन्सर बरा होत नाही. दुसरे काही घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. काही पदार्थ कॅन्सरच्या औषधांच्या कामात अडथळा आणतात.

तळपायाच्या डागावर बिब्बा लावावा का?
नाही. बिब्ब्याच्या तेलाने त्वचा भाजते आणि फोड येतात. वरचा डाग जळून निघाल्यासारखा दिसतो, पण खाली कॅन्सर वाढत राहू शकतो आणि निदानही अवघड होते.

सावळ्या माणसाला त्वचेचा कॅन्सर होत नाही ना?
कमी होतो, पण होतो. तळपायाच्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो, त्यामुळे सावळा रंग तिथे संरक्षण देत नाही.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पुढीलपैकी काहीही दिसल्यास वाट पाहू नका:

• तिळाचा आकार, रंग किंवा कडा बदलणे, तो दोन्ही बाजूंनी सारखा नसणे, किंवा ६ मिलिमीटरपेक्षा मोठा होणे
• तळपाय, तळहात यांवर नवा काळा किंवा तपकिरी डाग
• नखात एकच काळी पट्टी जी रुंद होत आहे किंवा नखाबाहेरच्या कातडीवर उतरली आहे
• महिनाभरात न भरणारी, पुन्हा पुन्हा रक्त येणारी जखम
• भाजल्याच्या जुन्या व्रणात नवीन गाठ किंवा जखम
• अशा डागासोबत जांघेत, काखेत किंवा मानेत गाठ

आठवड्यातून एकदा, पाय धुतल्यावर, चांगल्या उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांमधल्या जागा पाहा. वयस्कर आई-वडिलांना स्वतःचा तळपाय दिसत नाही. तो घरातल्या कोणीतरी पाहायला हवा. प्रयोगशाळेतले संशोधन आपल्या गतीने चालू राहील. हा डाग मात्र आजच दाखवता येतो.